फिटरचा ओटा

नारपोलीत माझ्या यंत्रमागाच्या कारखान्यासमोर लूम दुरुस्त करणारा एक फिटर राहायचा. वय माझ्याएवढंच, पंचविशीचं. लाईट गेली की माझे तेलुगू आणि यूपीचे कारागीर त्याच्याच ओट्यावर जमायचे. मांडीवर पाना वाजवत तो प्रत्येकाची त्याच्या भाषेत थट्टा करायचा. शून्यातून आठ लूम मी उभे केले, पण मला पाहून कधी कुणी हसलं नाही. माझा नुसता जळफळाट व्हायचा.

एकदा कारागिरांना हाकलायला तावातावाने गेलो. तो बाजूला सरकला. "शेठ, बसा. लाईट काय तुमच्या एकट्याचीच न्हाय गेली!"

सगळे हसले. मी बसलो. पाचच मिनिटांत लाईट आली, सगळे उठले आणि लाईट आल्याचा मला पहिल्यांदाच राग आला.