चिठ्ठी परत टाकायची

सातवीत शाळा सुटली. लग्न होऊन देवगडाकडून बेळगावला आले, खासबागेत बिऱ्हाड केलं. कॉलेजात पदार्थविज्ञानाच्या सरांनी मदतनीस म्हणून ठेवून घेतलं, आलेखाच्या कागदावर आकडे मांडायला शिकवलं. ते उपकार मी अजून विसरले नाही. म्हणून तर इतकं लागलं.

निपाणीच्या वखारीत तंबाखूची थप्पी कशी तापते, ते सर गणितात बसवत होते. थप्पी आतून तापत राहते, बाहेरून निवत राहते, एका तापमानाला ठरतच नाही. बेंगळूरच्या संगणकावर तेच गणित चालणार होतं. पडताळ्याला आम्ही हातानं करायचं. शंभर चौकोनांचा कागद, डब्यात शंभर चिठ्ठ्या. निघेल त्या आकड्याच्या चौकोनात उष्णतेचा एक ठिपका.

पहिल्याच दिवशी मी विचारलं, "सर, निघालेली चिठ्ठी परत डब्यात टाकू?"

सर फळ्यावर लिहीत होते. "बिशीत परत टाकता व्हय, आक्का?" म्हणाले नि हसले.

गल्लीतल्या बायकांच्या पैशांच्या बिशीत दर महिन्याला निघालेलं नाव बाजूला ठेवतात, सगळ्यांची पाळी यावी म्हणून. मी तसंच केलं. डबा रिकामा झाला की पुन्हा भरायचा. चुकायला नको म्हणून वहीच्या पहिल्या पानावर 'चिठ्ठी परत टाकायची नाही' असं लिहूनही ठेवलं. पानोपानी सरांची सही असे.

वर्षभरानं बेंगळूरहून ते संगणकवाले पाहुणे आले. संगणकाच्या थप्पीत मधेच कुठं भडका, कुठं गार. माझी सगळीकडे सारखी कोमट.

"ह्या थप्पीला फारच शिस्त आहे," पाहुणे म्हणाले. "चिठ्ठ्या परत टाकत नव्हता काय?"

मी तोंड उघडायच्या आत सर बोलले, "मी सांगितलं होतं टाकायला. सातवी शिकलेली बाई, ध्यानात राहत न्हाय."

आणि वही दाखवताना पहिली दोन पानं त्यांनी एकदमच उलटली. नोकरी त्यांच्याच शब्दावर होती. मी चिठ्ठ्या गोळा करून डब्यात भरल्या.

दुसऱ्या दिवशी कालचं काही झालंच नाही अशा आवाजात म्हणाले, "आक्का, आता चिठ्ठी परत टाकत जावा."

सदतीस निघाला. परत टाकला, डबा हलवला. पुन्हा सदतीस! एकाच चौकोनात दोन ठिपके, उद्या हेही माझ्याच माथी आलं असतं. मी वही त्यांच्यापुढं सरकवली. नव्या पानावर मी 'चिठ्ठी परत टाकायची' एवढंच लिहिलं होतं.

"ह्याच्याखाली सही करा, सर."

"माझ्यावर विश्वास न्हाय व्हय?"

"सही करा."

पेनाचं टोपण काढायला त्यांना बराच वेळ लागला. तोवर मी तिसरी चिठ्ठी काढली नाही.