लेबलवरचं पाणी

बी.एस्सी. झाल्यावर मला घाटकोपरच्या एका सोडा-लेमनच्या कारखान्यात पाणी तपासायची नोकरी लागली. कारखान्यामागच्या विहिरीचं पाणी गाळून बाटल्यांत भरायचे आणि 'मिनरल वॉटर' म्हणून विकायचे. लेबलवर कॅल्शियम, मॅग्नेशियम, क्लोराइड यांचे आकडे छापलेले होते. मी यायच्या कितीतरी आधी, कुठल्याशा पावसाळ्यात काढलेल्या पाण्याचे.

रोज सकाळी तेच काम. पाण्यात पिवळं क्रोमेट घालून सिल्व्हर नायट्रेट थेंब थेंब सोडायचं आणि पिवळा रंग विटकरी झाला की थांबायचं. थेंब जास्त लागले, म्हणजे क्लोराइड, म्हणजेच मीठ जास्त. आकडा लेबलशी जुळला की मी तपासणीच्या कागदावर सही करायची, मगच बाटल्या भरायला घ्यायचे. बोटं काळी पडायची, घासूनही निघायची नाहीत. मला बघायला पाहुणे आले तेव्हा मी हात पदराखाली धरून बसले होते.

दुसऱ्या वर्षी एप्रिलपासून थेंब वाढत गेले. विहीर आटली की जवळच्या खाडीचं खारं पाणी आत शिरायचं. मे महिन्यात क्लोराइड लेबलच्या तिप्पट निघालं.

मालकांनी घोटभर पिऊन बघितलं. "जिभेला काही लागत नाही, बाई. करा सही."

"डॉक्टर हे पाणी अंगावर सूज असलेल्यांना देतात. त्यांना मीठ बंद असतं."

"सगळी लेबलं छापून पडलीयत, त्याचं काय?"

"मी सही नाही करणार."

वाटलं, काढून टाकतील. त्यांनी मला ठेवलं, पण भरणं थांबवलं आणि बाटल्या धुणाऱ्या सात जणांना घरी बसवलं.

त्यांच्यातले सगळ्यांत वयस्कर, मालवणकडचे काका, जाताना माझ्या टेबलापाशी थांबले. "बाय, तू खरा ता लिवलंस. पन आमी आता काय करूचा?"

"पाऊस झाला की बोलावतील, काका."

"आनि तवसर?"

मी मालकांकडे गेले. म्हटलं, त्यांना दुसरं काही काम द्या. ते म्हणाले, "सही द्या, उद्याच बोलावतो." मी परत येऊन काचेच्या नळ्या धूत बसले. त्या महिन्यात दुसरं काही कामच नव्हतं.

जुलैत पाणी गोडं झालं. चौघे परतले. काका आले नाहीत. कुर्ल्याला हमाली करतात, असं कुणीतरी म्हणालं. मी नोकरी सोडली नाही. कंटाळले होते, पण बाईमाणसाला दुसऱ्या प्रयोगशाळेत नोकरी कोण देणार होतं?

पुढच्या एप्रिलात थेंब पुन्हा वाढायला लागले, तेव्हा मालकांच्या आधी मी त्या चौघांना सांगितलं.