ठेवणीतलं लुगडं

बायको नटून येईपर्यंत दारात ताटकळणारे नवरे घरोघरी असतात; पण मुलखामुलखांतल्या परक्या बायका नटून येईपर्यंत आनंदानं बसून राहणारा माणूस आख्ख्या जगात एकच, आणि ते म्हणजे आमचे साडू. परदेशी पैशावर पाण्याची, बचतगटांची कामं करणाऱ्या एका संस्थेत ते फोटो काढतात. नेपाळ, केनिया, बांगलादेश असं कुठं कुठं जाऊन येतात आणि प्रत्येक देशाच्या भाषेतलं एकच वाक्य शिकून येतात: "बाई, ठेवणीतले कपडे घालून या, मी बसतो." बाकी भाषेच्या नावानं शंख. केनियात म्हणे पाणी मागायला तोंड उघडलं आणि सवयीनं हेच वाक्य बाहेर पडलं. वाढपी बिचारा नवा शर्ट घालून आला. नेपाळात एक म्हातारी लेकीकडं ठेवलेला हार आणायला डोंगर उतरून गेली, तर हे संध्याकाळपर्यंत तिच्या दारात शेंगा खात बसले. साहेब वैतागतात, "हा दुष्काळाचा अहवाल आहे की लग्नाचा अल्बम?" साडू शांतपणे विचारतात, "का? दुष्काळ पडला की बायका पेटीतली लुगडी जाळतात का?"

हे खूळ त्यांना जन्मजात नव्हतं. चारठाण्याच्या अलीकडं एका गावात त्यांची मावशी असते. आई लवकर गेल्यावर तिनंच त्यांना वाढवलं. इस्त्रीचं लुगडं नेसल्याशिवाय ती बाजाराच्या दिवशी उंबरा ओलांडत नाही. नोकरी नवी असताना साडूंना फोटोसाठी 'ग्रामीण स्त्री' हवी होती. मावशी हौसेनं हिरवंगार लुगडं नेसून आली, तर यांनी तिला आत पाठवून खुरपायला नेसायचं विटकं लुगडं नेसायला लावलं, वर सांगितलं, "हसू नको." तो फोटो परदेशी कॅलेंडरवर झळकला. साडू कॅलेंडर आणि पेढे घेऊन गावी गेले, सोबत मी. शेजारपाजारच्या बाया जमल्या. कॅलेंडर हातोहात फिरलं. शेवटी मावशीची सून म्हणाली, "भावजी, आमच्या आत्याबाईला दुसरं लुगडं न्हाई व्हय?" मावशीच लगबगीनं म्हणाली, "गप गं. त्याच्या नोकरीचं काम हाय ते." मी तेच कॅलेंडर माझ्या बैठकीत मोठ्या मानानं लावलं होतं. घरी येऊन आधी ते उतरवलं. मलाच इतकी लाज वाटली, तर त्यांचं काय झालं असेल! तेव्हापासून ते बायकांना ठेवणीतलं नेसून यायला सांगतात आणि बसून राहतात.

मावशीकडं मात्र पुन्हा कॅमेरा काढायचा त्यांना धीर होत नव्हता. यंदा संक्रांतीला मीच मागं लागलो. साडूंनी आधी लेन्स पुसली, मग चष्मा, मग परत लेन्स. म्हणाले, "मावशे, तुझा एक फोटो काढायचाय. नेसून ये, मी बसतो."

मावशीचा चेहरा फुलला. "आलेच," म्हणत ती आत गेली. पेटीचं झाकण वाजलं. साडू इतके खुशीत होते की माझ्याही ताटलीतला तिळगूळ त्यांनी संपवला. ते हिरवं लुगडं तिला कसं दिसायचं, हेच मला सांगत होते.

मावशी बाहेर आली ती विटकं लुगडं नेसून. स्वच्छ धुतलेलं, घडीवर घडी उमटलेली, डांबरगोळ्यांचा वास.

"तुला फोटोला हेच लागतंय न्हवं?" ती कौतुकानं म्हणाली. "सुनेनं पोतेऱ्याला मागितलं व्हतं. म्या दिलं न्हाई. म्हनलं, लेकरू कवा मागंल, काय सांगावं."

मग दाराच्या चौकटीला हात लावून ती नीट उभी राहिली. "आन् हसायचं न्हाई. ध्यानात हाय माझ्या," म्हणाली, आणि चेहऱ्यावरचं हसू तिनं हळूच पुसून टाकलं.

साडूंनी कॅमेरा डोळ्याला लावला तो कितीतरी वेळ खाली घेतला नाही. फोटो निघाल्याचा आवाज काही मला ऐकू आला नाही.

"झालं का रं?" मावशीनं विचारलं. आणि उत्तर येईना म्हणून ती तशीच उभी राहिली, न हसता.