मैनाबाई आणि पहिला शब्द

लोहाऱ्याच्या एमआयडीसीत, तूरडाळ पॅक करायच्या एका कारखान्यात मैनाबाई अकरा वर्षं सरकत्या पट्ट्यापाशी उभी राहत आली होती. वय एक्कावन्न. संध्याकाळपर्यंत पोटऱ्या दगड होत. त्यात यंदा नवे इंजिनियर साहेब आले. त्यांना मराठी येईना, हिंदीही मोडकी. म्हणून मालकानं पाळी सुटल्यावर बायकांसाठी अर्ध्या तासाचा इंग्रजीचा वर्ग लावला.

शिकवायला साधना मॅडम, निवृत्त शिक्षिका. त्यांनी फळ्यावर लिहिलं, 'ओपन द गेट.'

"मॅडम, हे कोनाले सांगून राह्यले?" मैनाबाईनं विचारलं. "नाव तं नाही कोनाचं."

"समोर असेल त्याला. 'यू' म्हणजे तू. तो शब्द बोलत नाहीत, धरून चालतात."

"आन् मोठ्या मानसाले?"

"त्यालाही हेच."

हे तिला पटलं नाही, पण वाद घालायला अंगात त्राण नव्हतं.

तिची खरी अडचण वेगळीच होती. आपल्या बोलण्यात काम शेवटी येतं: गेट उघड, पोतं उचल. सवयीनं ती शेवटच्या शब्दाची वाट पाही. साहेब 'ब्रिंग द बॅग' म्हणाले की तिला बॅग तेवढी ऐकू येई, अन् ती बॅगेकडे बघत उभी राही. मॅडम म्हणाल्या, "पहिला शब्द पकडा. काम तिथं असतं."

एका शुक्रवारी पोत्यांच्या थप्पीमागे रुपीबाईचा पदर पट्ट्याच्या रुळात गेला. इतर बायकांना ते दिसलं नाही. पलीकडून साहेबांनी तेवढं पाहिलं अन् ते लांबूनच ओरडले, "समबडी स्टॉप द मशीन!" बायका एकमेकींची तोंडं पाहू लागल्या. मैनाबाईलाही पहिला शब्द अनोळखी निघाला. दुसरा मात्र कळला. तिनं धावत जाऊन लाल बटण दाबलं.

रुपीबाईचा खांदा खरचटला, पदर फाटला, एवढ्यावर निभावलं. वीस मिनिटांनी पट्टा पुन्हा सुरू झाला.

संध्याकाळी मैनाबाईनं विचारलं, "समबडी म्हंजे कोन, मॅडम?"

"कोणीतरी एक."

"कोनीतरी म्हटलं तं कोनीच येत नाही. साह्यबाले म्हना, नाव घेत जा."

मॅडमनी निरोप पोचवला. साहेबांनी मानला. पण सोमवारपर्यंत त्यांना एकच नाव पाठ झालं होतं.

"मायनाबाई, क्लोज द डोअर! मायनाबाई, क्लीन द फ्लोअर!"

रुपीबाई ओशाळून म्हणाली, "माझ्यापाई तुले तरास झाला वं."

"राहू दे," मैनाबाई म्हणाली आणि झाडू आणायला गेली.