प्लेअरात अडकलेला सांडू

हर्सूलच्या आमच्या इमारतीला चार मजले आहेत, लिफ्टची जागा आहे आणि लिफ्ट नाही. तिसऱ्या मजल्यावरच्या रामच्या घरी त्याचे वडील कडूबा राहायला आले, ते दुष्काळाच्या साली. पाचोडच्या बाजारात मेंढरं विकून झाली होती. गावाकडचं घर आणि उरलेल्या शेळ्या सांभाळायला बायको बानाबाई मागं राहिली आणि पोराच्या घरचं पाणी सांभाळायला कडूबा इकडं आले.

पाणी सांभाळणं ही आमच्याकडं पूर्ण वेळेची नोकरी आहे. शहर चहूकडून वाढत होतं, आणि नळाला पाणी आठवड्यातून एकदा यायचं. कोणत्या दिवशी, ते नळ ठरवायचा. पाणी सुटलं की पार्किंगमध्ये धावायचं, पाणी ओढायची आपली छोटी मोटार लायनीला लावायची; तासाभरात ओढाल तेवढं तुमचं. हे कायद्यात बसत नाही, पण पार्किंगमध्ये बसतं. एकदा कुणाची मोटार कुणी चालवली यावरून डोकी फुटायची वेळ आली, तेव्हा एकमतानं ठराव झाला: ज्याची मोटार, त्याच्याच घरचं माणूस हजर पाहिजे. शेजाऱ्यावर सोपवायचं नाही. राम कंपनीत कंत्राटावर, त्याची बायको अक्षदा एका ऑफिसात बिलं करणारी. घरचं रिकामं माणूस एकच होतं.

चाळीस वर्षं उघड्या रानात हिंडलेला माणूस असा नळाच्या खुंट्याला बांधला गेला. दूधवाल्यापलीकडं त्यांची धाव नव्हती. बाल्कनीतून जेलची भिंत दिसते. एकदा तिकडं बघत ते मला म्हणाले, "त्यांना बरं हाय. सुटायची तारीख असती."

कडूबांना मात्र एका तारखेला सुटायचंच होतं. चैत्रात त्यांच्या वस्तीवर बिरोबाची जत्रा भरते. त्या दिवशी देवापुढं 'पाण्याची ओवी' म्हणायचा मान त्यांच्या घराण्याकडं. देव मेंढरं घेऊन एका पाण्यावरून दुसऱ्या पाण्यावर कसा गेला, ते सांगणारी लांबलचक ओवी. कागद हातात धरायचा नाही, मधलं काही गाळायचं नाही, आणि शेवटचं पाणी देवापुढंच उच्चारायचं, एरवी कुठं नाही. ओवी तुटली की मान भावकीतल्या दुसऱ्या घरी जातो. दुसरं घर म्हणजे चुलत पुतण्या अजिनाथ. त्याच्याकडं स्वतःचा डीजे होता आणि ओवी त्यावर कशी वाजवायची याचा विचार त्यानं आधीच करून ठेवला होता.

ओवी पुरी येत होती ती थोरल्या भावाला, सांडूला. सांडू गेला पावसाळ्यात. म्हणजे कॅलेंडरात पावसाळा होता तेव्हा. कडूबांनी जन्मभर त्याच्या मागं उभं राहून झील धरली होती. मागं उभ्या राहिलेल्या माणसाला वाटत असतं, की आपल्याला सगळं येतंय. सांडू गेल्यावर कळलं की निम्मंच येतंय.

उरलेली निम्मी ओवी एका डिस्कमध्ये होती. बऱ्याच वर्षांपूर्वी पाचोडच्या रामकिसन शूटिंगवाल्यानं जत्रेचं चित्रण केलं होतं. ती डिस्क कडूबांनी गावाकडून आणलेल्या एका जुन्या प्लेअरात होती, आणि प्लेअरनं ती परत द्यायचं नाकारलं होतं. बटण दाबलं की आत घरघर व्हायची, पण ताट बाहेर यायचं नाही. बाजारातला मिस्त्री म्हणाला होता, "खोलतो, पण डिस्क मोडली तर मला म्हनू नका." तेव्हा खोलायचं राहिलं. सांडू आत फिरत होता, हे मात्र नक्की. आतला दिवा लागायचा.

रामच्या घरचा टीव्ही उन्हाळ्याच्या तोंडाला व्होल्टेजनं जळला होता. शेजाऱ्यांकडं टीव्ही होते. पण ओवी तोंडात बसवायची तर रोज लागणार, आणि रोज दुसऱ्याच्या घरी भाऊ घेऊन कोण बसणार? राहिला अक्षदाचा लॅपटॉप. ऑफिसनं दिलेला, पातळ, डिस्क घालायला जागाच नसलेला.

"मामा, काळजी करू नका," अक्षदा म्हणाली. "वायरीनं जोडू. ह्याला भोकं आहेत."

रामनं दुकानातून एक डबी आणली. प्लेअरमागच्या पिवळ्या, लाल, पांढऱ्या वायरी डबीच्या एका बाजूला, दुसऱ्या बाजूनं एक चपटी वायर लॅपटॉपच्या बाजूच्या चपट्या भोकात. सगळं इतकं नेमकं बसलं की चालणार याबद्दल शंका राहिली नाही. पडद्यावर काहीच आलं नाही. राम वायर काढून पुसून पुन्हा लावत होता. प्लेअर आपला फिरत होता.

"आत जाईना का?" कडूबांनी विचारलं.

"जातंय आबा. दिसत नाय."

"म्हंजी गेलं नाय."

दुसऱ्या दिवशी राम दुकानदाराशी भांडायला गेला आणि हसू घेऊन परत आला. दुकानदार म्हणाला होता, "भाई, लॅपटॉप का वो छेद देता है, लेता नहीं." त्या भोकातून चित्र फक्त बाहेर जातं, दुसऱ्या पडद्यावर. आत येत नाही. इतका वेळ ते बाहेर जायच्या दारातून सांडूला आत ढकलत होते.

कडूबांना हे पटायला वेळ लागला नाही. "वाघरीचं तोंड आसंच आसतंय," ते म्हणाले. मेंढरं कोंडायची जाळी म्हणजे वाघूर. "बाहेरच्या अंगानं ढकललं की मेंढरू जाळीतच गुतलं. ह्याचं आत यायचं तोंड कुठं हाय, ते बघ."

आत यायचं तोंड होतं. त्यासाठी शेपटीवाली दुसरी डबी आली, ती पेन ड्राइव्हच्या भोकात बसली. आणि लॅपटॉपनं सांगितलं की ही डबी चालवायला ऑफिसची परवानगी लागेल.

"आता हिला काय झालं?" कडूबा.

"मामा, लॅपटॉप ऑफिसचा आहे. नवीन काही टाकायचं तर पासवर्ड त्यांच्याकडं."

"घरात ठुवलाय तुमी आन् किल्ली त्यांच्याकडं?"

"व्हय."

कडूबांनी सुनेकडं जरा वेगळ्या नजरेनं पाहिलं. या घरात आपण एकटेच बांधलेले नाही, हे त्यांच्या ध्यानात आलं असावं.

अक्षदानं ऑफिसच्या मुलाला फोन लावला. कशासाठी पाहिजे, त्यानं विचारलं. "पाण्याच्या नियोजनाचा जुना व्हिडिओ आहे," ती म्हणाली. यात खोटं काही नव्हतं. परवानगी आली.

रविवारी दुपारी सगळे जमले. मलाही बोलावलं होतं. पडदा निळा झाला, फाटला, आणि त्यातून वस्ती आली: देवळाची पायरी, भंडाऱ्यानं पिवळी धमक झालेली माणसं, ढोल. मग सांडू. उंच, पटक्याचं टोक खांद्यावर. कडूबा खुर्चीतून खाली उतरून मांडी घालून बसले. सांडूनं कानाला हात लावला, तोंड उघडलं, आणि त्यातून त्या वर्षी गाजलेलं सिनेमातलं प्रेमाचं गाणं बाहेर पडलं. बाईच्या आवाजात.

गाणं चांगलं होतं. सांडू डोळे मिटून, मान हलवत, अगदी जीव लावून म्हणत होता.

रामनं रामकिसनला फोन लावून स्पीकरवर टाकला.

"तव्हा तसंच करायचो ना भाऊ," रामकिसन म्हणाला. "लगीन आसो, जत्रा आसो, मागं गाणं टाकायचं. निस्ता ढोल कोन ऐकतं? हिट गाणं टाकलं व्हतं मी तुमाला. ज्यादा पैसं बी नाय घेतलं."

"आरं पण मूळ आवाज? मूळ कॅसेट?"

"त्याच्यावर दुसऱ्या दिशी बिडकीनचं लगीन घेतलं."

रामनं फोन ठेवला. अक्षदा वायरी काढायला वाकली. कडूबा म्हणाले, "राहू दे. त्या बाईला तेवढं गप कर."

आवाज बंद झाला. मुका सांडू ओवी म्हणू लागला आणि कडूबा पुढं सरकले. मेंढरं राखताना दोघं भाऊ दोन टेकडांवर असायचे, मधून वारा वाहायचा, आवाज पोचायचा नाही. तोंड आणि हात बघून काय म्हणतोय ते ओळखायचं, नाही ओळखलं तर मेंढरं परक्याच्या पिकात. लॅपटॉपचा पडदा त्या अंतराच्या मानानं फारच जवळ होता. जरा वेळानं कडूबांचे ओठ हलायला लागले, मग आवाज आला.

*"पहिल्या पाण्याला देव उभा राहिला गं,
काठी टेकली, चिखल वला झाला..."*

पुढचे काही आठवडे तिसऱ्या मजल्यावरून ओवी येत राहिली. अक्षदा ऑफिसातून आली की जेवण होईपर्यंत लॅपटॉप सासऱ्याकडं. एका पाण्यावर ते हटकून अडायचे, मागं जायचे, पुन्हा म्हणायचे. चौथ्या मजल्यावरच्या एकांनी तक्रार केली. पण पाणी कधी सुटेल याची पक्की खबर कडूबांकडंच असायची, म्हणून तक्रार मागं घेतली.

शेवटच्या पाण्याला मात्र रामकिसनची कला आडवी आली. तिथं त्यानं सांडूला बदामाच्या आकारात बसवलं होतं. मग एकाचे चार सांडू झाले, चारही गरगर फिरले, गुलाबाच्या पाकळ्या पडल्या आणि बदाम मिटला. तोंड दिसत नव्हतं. कडूबा तेवढाच तुकडा पुन्हा पुन्हा लावायला सांगायचे.

"मामा, नाही दिसत हो," अक्षदा म्हणायची. "तुमीच घाला काहीतरी. कुनाला कळतंय?"

"देवाला कळतंय. आन् अजिनाथला कळतंय."

एके दिवशी त्यांनी तो तुकडा मागितला नाही. अक्षदानं विचारलं, "सापडलं?"

"सापडलं."

"काय आहे?"

"हितं नाय म्हनायचं. देवापुढं."

सांडूचं आठवलं, की चार सांडू फिरता फिरता यांनी स्वतः रचलं, ते त्यांनी सांगितलं नाही. पण त्या दिवसापासून त्यांची पिशवी दाराशी भरलेली असायची. पटका, भंडाऱ्याची पुडी, गाडीभाडं. पाणी जत्रेच्या दोन दिवस आधी येणार होतं. ते भरायचं आणि निघायचं.

ते आलं नाही. कुठंतरी पाइप फुटला होता. दुसऱ्या दिवशीही आलं नाही. टाकीत लोटा बुडेल एवढंही उरलं नव्हतं, टँकरवाला फोन उचलत नव्हता. जत्रेच्या सकाळी निरोप फिरला, आज दिवसभरात केव्हाही सुटेल. रामनं सुट्टी मागितली. मुकादम म्हणाला, घे, मग येऊच नको. अक्षदाकडं महिनाअखेर. दोघं दारात चपला घालून उभे राहिले आणि कडूबांच्या पिशवीकडं बघायचं टाळू लागले.

"जावा तुमी," कडूबा म्हणाले. "मी हाय."

मग त्यांनी बानाबाईला फोन केला. तिकडं काय रणकंदन झालं, ते नंतर कळलं. अजिनाथ म्हणाला, मान माणसाचा असतो, फोनचा नसतो. बानाबाई म्हणाली, "मान वव्हीचा हाय. आन् तुजा डीजे काय देवळात जल्मला का रे? हितं पानी असतं तर कारभारी तिकडं कशाला गेलं असतं? सरक." तिनं फोन भोंग्याच्या माइकला लावला आणि हातानं धरून उभी राहिली.

इकडं कडूबा पटका बांधून जिन्यात उभे होते. घरात त्या दिवशी रेंज धड येत नव्हती. त्यांनी कानाला हात लावला आणि सुरुवात केली. पहिलं पाणी गेलं, दुसरं गेलं. एकही शब्द अडला नाही. आम्ही आपापल्या दारात उभे राहून ऐकत होतो. त्या दिवशी पायऱ्या ओलांडून कुणी खाली-वर केलं नाही. फोनमधून मागची झील ऐकू येत होती, तीही जरा उशिरा, टेकडावरून यावी तशी.

शेवटच्या पाण्याच्या अलीकडं खालून कुणीतरी ओरडलं, "आलं! पाणी आलं!"

सगळे धावले. कडूबांनी क्षणभर फोनकडं पाहिलं. मग तो तसाच चालू अंगरख्याच्या खिशात टाकला आणि ओवी न तोडता पायऱ्या उतरू लागले. पार्किंगमध्ये वाकून त्यांनी मोटारीचा पाइप लायनीला लावला. तोवर इतरांच्या मोटारी सुरू झाल्या होत्या. त्यांनीही बटण दाबलं. मग ताठ उभं राहून, हात पुन्हा कानाला लावून, डोळे मिटून त्यांनी शेवटचं पाणी म्हटलं. मी त्यांच्या समोर पाइप धरून उभा होतो. मला ओठ हलताना दिसले.

तिकडं वस्तीवर भोंग्यातून मोटारींचा आवाज घुमला. टँकरच्या रांगेत हंडे ठेवून जत्रेला आलेल्या बायका दचकून मागं वळल्या, दोघी-तिघी तर हंड्यांकडं पळाल्या.

भावकी बसली. अजिनाथचं म्हणणं, ओवी तुटली. बानाबाईचं म्हणणं, तुटली नाही, ऐकू आली नाही. शेवटी ठरलं की यंदा मान कुणाचाच नाही. पुढच्या चैत्रात कडूबांनी देवापुढं उभं राहून शेवटचं पाणी म्हणावं, नाही जमलं तर अजिनाथनं डीजे आणावा.

कडूबांनी हे फोनवर ऐकून घेतलं आणि विचारलं, "चैतात वार कोणता येतोय?" वार बानाबाईनं सांगितला. पण नळाचा वार तिला कुठून ठाऊक असणार?

अजिनाथनं त्या दिवशीची ओवी आपल्या मोबाइलवर घेतली होती. पुरावा म्हणून त्यानं ती अक्षदाला पाठवली. लॅपटॉपनं ती कुठलीही डबी, वायर, परवानगी न मागता आत घेतली. सुरुवातीचा भाग जरा खरखरतो. शेवटची मोटार मात्र अगदी स्वच्छ ऐकू येते.