नऊ मिनिटांचं मौन

"इस्त्री लावलीस ना पुन्हा?"

"लावली. कपड्यांवर फुंकर मारत बसू?"

"कुकर चालू असताना?"

"अहो पाक्ने, मग भात काय तुमचा पक्षी शिजवणार?"

सुपार्दी, म्हणजे बायकोचा 'पाक्ने' (आणि ती त्याची 'बुने'), दारातच उभा होता, हातात झाकलेला पिंजरा. जावातल्या क्लातेनच्या बाजारात मोटरसायकलींच्या सीटा शिवणारा हा माणूस अकरा वर्षं शामा पक्षी पाळत होता आणि पक्ष्यांच्या एकाही गायन-स्पर्धेत पंचांनी त्याच्या पिंजऱ्यापुढे विजयाचा झेंडा रोवला नव्हता. यंदाचा पक्षी मात्र खरा गवई. त्याला शिकवायला रातकिड्यापासून खाटीक पक्ष्यापर्यंत सगळ्यांचे आवाज घरच्या कॉम्प्युटरवर साठवलेले. तिथून ते फोनवर येत, आणि फोन दिवसभर दुकानात पिंजऱ्याखाली टांगलेला.

पण घराचं मीटर नऊशे वॅटचं. भाताचा विजेचा कुकर आणि इस्त्री एकदम लागली की खटका पडायचा, कॉम्प्युटर बंद, फोन मुका. मग बायको वागियेम खटका उचलायला अंगणात जायची, तिथे कुंपणापलीकडे शेजारीण सुमिनी उभीच. गप्पा मारून ती परत येऊन सगळं चालू करेपर्यंत नऊ मिनिटं.

पक्ष्याने ते मौनही पाठ केलं. कालच्या सराव-स्पर्धेत चार ताना घेतल्या आणि ऐन रंगात चोच मिटली. शेजारचे मालक बोंबलून आपापल्या पक्ष्यांना चेतवत होते. सुपार्दीही घसा फुटेस्तोवर ओरडला. पक्षी नऊ मिनिटं ढिम्म. मग पुन्हा रातकिड्यापासून सुरुवात.

"बरं, रविवारी इस्त्रीला हात लावत नाही. झालं समाधान?" वागियेमने विचारलं.

"छे छे! रविवारी तर लावायचीच! सात एक्कावन्नला. कुकरसकट."

"उन्हात डोकं फिरलंय का?"

"ऐक तर. मी मैदानाच्या फाटकाबाहेर फोन लावून उभा असेन. तू खटका पाडायचास. तो गप्प बसेल. आठला स्पर्धा, आठलाच नऊ मिनिटं पुरी. गडी ताजातवाना गायला लागेल! पण सगळं रोजच्यासारखं हवं, बुने. नऊ म्हणजे नऊ."

"सुमिनी रविवारी लेकीकडे जाते."

सुपार्दीचा चेहरा उतरला. "मग... एकटीच बोल."

"नऊ मिनिटं? कुंपणाशी?" वागियेमने इस्त्री उभी करून ठेवली, खुर्ची ओढली आणि समोरच्या स्टुलाकडे बोट केलं. "बसा. आधी तालीम करू. एकतीस वर्षं झाली लग्नाला, तुम्हीच बोला माझ्याशी नऊ मिनिटं. काय बोलायचं ते तरी कळू दे मला. हं, करा सुरू."

सुपार्दीने स्टुलाकडे पाहिलं, भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहिलं. घसा खाकरला. मग पिंजरा उचलला, चपला पायांत सरकवल्या आणि तो बाहेर पडला.