खोट्या नावांचे दोन नमुने

माझी नात एकोणीस वर्षांची आहे. ती आठ महिन्यांची असल्यापासून दर तीन-चार आठवड्यांनी तिला रक्त चढवावं लागतं. थॅलेसेमिया मेजर. भाचा, म्हणजे माझा जावई, याला नशीब म्हणतो. माझी धाकटी बहीण, म्हणजे माझ्या मुलीची सासू, याला ‘सुनेचं रगत’ म्हणते. दोन्ही खरं नाही, आणि पूर्ण खरं काय ते इतकी वर्षं घरात मला एकट्याला माहीत होतं.

निवृत्त होईपर्यंत मी शहरातल्या एका दवाखान्याच्या प्रयोगशाळेत होतो. काचपट्टीवर रक्ताचा थेंब पसरायचा, रंगवायचा, सूक्ष्मदर्शकाखाली बघायचा. तपासणीला येणाऱ्या बायकांच्या रक्तपेशी बहुतेक वेळा लहान आणि फिक्या दिसायच्या. लोह कमी, गोळ्या द्या, असं डॉक्टर लिहायचे आणि बहुधा ते बरोबरच असायचं. पण काहींच्या पेशी लहान आणि फिक्या असूनही मोजणीत भरपूर निघतात. तिथं गोळ्यांचा उपयोग नसतो. ती माणसं वाहक असतात. हिमोग्लोबिन तयार करण्याच्या सूचनेच्या दोन प्रती आपल्याला मिळतात, एक आईकडून, एक वडिलांकडून. वाहकाची एक बिघडलेली असते. दुसरीवर अख्खं आयुष्य निघतं, त्याला कळतही नाही. दोन वाहकांचं लग्न झालं तर मात्र प्रत्येक गर्भाला दोन्ही बिघडलेल्या प्रती मिळण्याची शक्यता चारात एक.

मुलीच्या बारशालाच बहिणीनं तिला मांडीवर घेऊन कुंकू लावलं होतं. “ही माझी सून. दादा, दुसरीकडं बघितलंस तर याद राख!” सगळे हसले, मीही हसलो. आमच्यात मामाची मुलगी भाच्यालाच जायची. आमचे वडील मेंढरं राखायचे. कळपात घरचाच नर ठेवत गेलं की कोकरं मरतुकडी निपजतात, हे त्यांना पक्कं ठाऊक होतं. दर दोन-तीन वर्षांनी ते लांबच्या कळपातला नर बदलून आणायचे. लेकी देताना त्यांनी तसा विचार कधी केला नाही. मी शिकलेला, दिवसभर रक्तच बघणारा, मीही केला नाही.

लग्न ठरलं त्या सुमारास मुलगी सारखी दमायची. तिचं रक्त मीच काढलं. काचपट्टी बघितली, मोजणी केली. पेशी लहान, फिक्या, आणि भरपूर. भाच्याला शेंद्र्याच्या कारखान्यात नोकरी लागत होती. मेडिकल मीच करून देतो म्हणून त्याचंही रक्त घेतलं. दोन्ही नमुने मोठ्या तपासणीसाठी पुण्याला पाठवले. फॉर्मवर खोटी नावं टाकली, नात्यातल्या कुणाला कळायला नको म्हणून. रिपोर्ट एकाच पाकिटात आले. दोघंही वाहक.

पत्रिका छापून झाल्या होत्या. बहिणीनं औरंगपुऱ्यातून बस्ता बांधून नेला होता. मी पाकीट खणात टाकलं आणि स्वतःशी म्हणालो, चारात एक. आजकाल दोनच मुलं होऊ देतात, चौथ्यापर्यंत जातंय कोण! दुसरं कुणी असं बोललं असतं तर मी तिथंच दुरुस्त केलं असतं. यात पाळी लागत नाही, प्रत्येक गर्भाची चिठ्ठी नव्यानं निघते, हे मी कितीतरी जोडप्यांना समजावलं होतं. मुलीला मात्र लोहाच्या गोळ्या आणून दिल्या.

लग्नानंतरही वेळ गेली नव्हती. तिला दिवस गेले तेव्हा तिसऱ्या महिन्यात गर्भाची तपासणी करता आली असती. पुढं काय करायचं ते त्या दोघांनी ठरवलं असतं. ते ठरवणं कठीणच, पण ते त्यांचं होतं. तपासणी सुचवली असती तर कारण सांगावं लागलं असतं. मी ती सुचवली नाही.

नातीचं निदान झालं तेव्हा मी धक्का बसल्यासारखा चेहरा केला. आजार दोघांकडून आलाय, असं डॉक्टरांनी नीट सांगितलं. बहिणीला पटलं नाही. “आमच्या घरात असलं रगत नव्हतं. हिच्या आईकडनं आलं आसंल.” माझी बायको तोवर वारली होती. मी बहिणीसमोर चहा पीत बसलो होतो. त्याच्या आदल्याच आठवड्यात मी गुपचूप स्वतःचं रक्त तपासलं होतं. ते माझ्यातच होतं.

दुसऱ्या खेपेला तपासणी झाली. त्या गर्भालाही तोच आजार निघाला. मुलीनं तो ठेवला नाही. तेव्हापासून बहीण तिला कुणाच्या डोहाळजेवणाला ओटी भरू देईना.

गेल्या महिन्यात आम्ही तिघं रक्तासाठी गेलो होतो. नात पिशवीकडं बघत म्हणाली, “मम्मी, मागच्या वेळचं रक्त नक्की मास्तरचं होतं. घरी येऊन मी सगळ्यांच्या चुका काढत बसले.”

“गप पड गं.”

नंतर मुलगी मला बाहेर घेऊन आली. “हृदयात लोह साठलंय म्हणाले, आबा.” रक्तातून येणारं जास्तीचं लोह असं साठत जातं, ते काढायच्या गोळ्या चालूच होत्या. मग ती म्हणाली, “आत्या म्हणती तेच खरं आसंल. माझंच रगत खराब. एक पोरगी अशी केली, आन् दुसरं...”

तेव्हा मी सगळं सांगितलं. नमुने, खोटी नावं, खणातलं पाकीट.

“लग्नाच्या आधी?” तिनं विचारलं.

“हो.”

“पत्रिका छापल्या व्हत्या म्हणून?”

“हो.”

“तुम्ही दिलेल्या गोळ्या मी सहा महिने खाल्ल्या, आबा. एकबी दिवस चुकवला नाय.” मग डोळे पुसून म्हणाली, “आत्याला सांगा. माझ्यासमोर. आन् पोरीसमोर.”

रविवारी बहिणीच्या घरी गेलो. ती ओट्यावर शेंगा फोडत होती, मुलगी शेजारी बसली होती. मी सांगत गेलो तसे तिचे हात थांबले.

“म्हंजी माझ्यात बी हाय?”

“असणार. आपल्या दोघांतही, आईकडून नाहीतर वडिलांकडून.”

“आन् मी हिला येवढी वर्सं...” ती सुनेकडं बघत राहिली. मग माझ्याकडं वळली. “दादा, मी बोलत व्हते आन् तू च्या पीत व्हतास?”

नात दारात उभी होती. “आबा, तुम्ही तेव्हा बोलला असता तर लग्न मोडलं असतं?”

“बहुतेक.”

“मग मी नसतेच.” ती म्हणाली. “मग मी आता शिव्या कुणाला द्यायच्या?”

 तिनं जगू नये असं मला एकदाही वाटलेलं नाही, पण तिच्या प्रत्येक सुईच्या वेळी मी मान फिरवली आहे.

निघताना मुलगी एसटीच्या थांब्यापर्यंत आली नाही. रक्ताच्या दिवशी आता ती मला बोलावत नाही. या खेपेला तिच्याबरोबर माझी बहीण गेली होती, असं भाच्यानं फोनवर सांगितलं.